शिकणारा हात आणि आपले डोळे

(वाळूज परिसरातील महिला मंडळे, बचत गट आणि आरोग्य कार्यकर्त्या यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा लेखी मसुदा. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – सं.)

मैत्रिणींनो,

आजच्या बैठकीचा विषय कळल्यावर तुमच्यापैकी दोघी-तिघींनी मला विचारलं, "ताई, डॉक्टरांचं शिक्षण हा आपला विषय कधीपासून झाला?" प्रश्न रास्त आहे. ठेकेदाराने बुडवलेला पगार, रेशनकार्डावरून उडालेली नावं, घरातली मारहाण, पाण्याचा टँकर यांतूनच आपल्याला सवड मिळत नाही. त्यात डोळ्यांचे डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना शिकत असताना डोळ्याच्या पडद्यावरचे उपचार स्वतःच्या हाताने करायला मिळतात की नाही, याच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे आणि तो थेट आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे. त्यात आपल्या चळवळीची एक अडचणही आहे. तिच्याबद्दलही आपण मोकळेपणाने बोलू.

मोतीबिंदूच्या पलीकडे

डोळ्याचा आजार म्हटला की आपल्याकडे पहिला शब्द येतो तो मोतीबिंदू. त्याला कारण आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. १९९४ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला. गावोगाव शिबिरं झाली. मराठवाड्यात तर डॉ. तात्याराव लहाने हे नाव घराघरांत माहीत आहे. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचा मुलगा मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात नेत्रतज्ज्ञ झाला, त्याने हजारो गोरगरिबांचे मोतीबिंदू काढले आणि २००८ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. या कामामुळे कितीतरी म्हाताऱ्या बाया पुन्हा सुईत दोरा ओवू लागल्या. त्या कामाची किंमत कमी करायची नाही.

पण या सगळ्या काळात सरकारने मोजलं काय? मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया. जिल्ह्याला उद्दिष्ट कशाचं? मोतीबिंदूचं. आणि जे मोजलं जातं तेच शिकवलं जातं.

पडद्याचं तसं नाही. पडदा डोळ्याच्या आत, पार मागच्या बाजूला असतो. डोळा बाहेरून स्वच्छ दिसतो, दुखत नाही, लाल होत नाही. रक्तात साखर अनेक वर्षं जास्त राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात, त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं. पुढे रक्तपुरवठा कमी पडला की पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. त्या फुटून आत रक्त पसरतं, किंवा त्यांच्या ओढीने पडदाच जागेवरून सुटतो. बाईला समजतं तेव्हा बहुतेक वेळा बराच उशीर झालेला असतो. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं समजून ती दुकानातून चष्मा बदलून आणते.

देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या पुढच्या मधुमेही माणसांपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर या आजाराच्या खुणा सापडल्या. म्हणजे साधारण सहांमागे एक. ३.६ टक्के लोकांचा आजार दृष्टी जाण्याच्या उंबरठ्यावर होता. आता हे आकडे आपल्या वस्तीला लावून बघा. आपल्या प्रत्येक गटात शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या किती बाया आहेत? त्यांतल्या कितीजणींच्या डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून, मागचा पडदा कुणी पाहिला आहे? मी हा प्रश्न गटागटांत विचारते तेव्हा हात फार थोडे वर होतात.

आमच्याकडे येणाऱ्या एका बाईंचं सांगते. वय सत्तेचाळीस, पॅकिंगच्या कामाला, ठेकेदारामार्फत. अकरा वर्षं शुगर. खाडा झाला की हजेरी जाते म्हणून शिबिर रविवारी असेल तरच जायच्या. एका शिबिरात त्यांना सांगितलं, "मोतीबिंदू नाही, घरी जा." दुसऱ्या ठिकाणच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र थेंब घालून पाहिलं आणि ओळखलं की पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटल्या आहेत, लेझर लगेच करायला हवं. त्या एम.एस. झालेल्या होत्या. पण पुढचं वाक्य त्या काय बोलल्या? "मला हे करायला शिकवलेलं नाही मावशी, तुम्ही पुण्याला जा." पुण्याची बस आपल्या दारावरून जाते हे खरं. पण पुण्याला जायचं म्हणजे तीन-चार खेपा, दरवेळी सोबतीला माणूस, दोघांचा खाडा, लेझरचा खर्च. नवरा म्हणाला, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर एका डोळ्यात रक्त उतरलेलं होतं.

यात दोष कुणाचा? नवऱ्याचा आहे, ठेकेदाराचा आहे, हे आपण लगेच म्हणू आणि ते खोटं नाही. पण मला त्या डॉक्टरीणबाईंच्या वाक्यापाशी थांबायचं आहे. ती मुलगी आळशी नव्हती, उद्धटही नव्हती. तिने आजार बरोबर ओळखला. तीन वर्षं सरकारी पैशाने, आपल्यासारख्यांच्या डोळ्यांवर शिकून ती नेत्रतज्ज्ञ झाली आणि तरीही हा उपचार तिच्या हातात नव्हता. तो असता, तर त्याच आठवड्यात काम झालं असतं.

कुठला उपचार किती अवघड

"पडद्याचा उपचार" म्हणजे एकच काहीतरी फार मोठं ऑपरेशन, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. त्याच्या तीन पायऱ्या आहेत आणि त्या वेगळ्या समजून घेतल्या नाहीत तर आपली मागणीही चुकेल.

पहिली पायरी तपासणीची. डोक्यावर दिवा बांधून, हातात भिंग धरून पडद्याचा काठापर्यंतचा भाग पाहायचा. यात चिरफाड नाही, पण हात आणि नजर बसायला शेकडो डोळे पाहावे लागतात. ही पायरी कच्ची राहिली तर पुढचं सगळं कच्चं.

दुसरी पायरी लेझर आणि डोळ्यातलं इंजेक्शन. लेझर म्हणजे प्रकाशाचे बारीक चटके. पडद्याच्या कडेच्या भागाला ते दिले की त्या भागाची प्राणवायूची मागणी कमी होते, नव्या रक्तवाहिन्या सुकतात आणि मधली, बारीक बघण्याची नजर वाचते. कडेची नजर आणि रात्रीचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं. म्हणजे कडेचं थोडं देऊन मधलं राखायचं. हा काही कालचा शोध नाही. अमेरिकेत सत्तरच्या दशकात झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९७६ साली प्रसिद्ध झाले. या उपचाराने नजर गंभीरपणे जाण्याचं प्रमाण निम्म्यावर, किंबहुना त्याहूनही खाली येतं, हे तेव्हाच सिद्ध झालं. डोळ्यात इंजेक्शन म्हटलं की बाया दचकतात. पण डोळा बधिर करून, जंतुनाशक घालून, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर अंतर मोजून पांढऱ्या भागातून बारीक सुई घालायची, एवढं ते काम. काही क्षणांचं. धोका जंतुसंसर्गाचा. नियम पाळले तर तो हजारात एकापेक्षाही कमी वेळा होतो, पण झाला तर डोळा जाऊ शकतो. म्हणून शिस्त महत्त्वाची.

तिसरी पायरी म्हणजे विट्रेक्टमी, डोळ्याच्या आतली जेली काढून सुटलेला पडदा बसवण्याची शस्त्रक्रिया. हे अवघड काम आहे. एम.एस. झाल्यावर त्यासाठी वेगळी एक-दोन वर्षं शिकावं लागतं आणि ते तसंच असावं. मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद अशा संस्थांत देशभरातून डॉक्टर त्यासाठी जातात.

आपलं म्हणणं काय? तिसरी पायरी प्रत्येक निवासी डॉक्टरने चढावी असं नाही. ती कधी लागते हे त्याला कळावं, मोठ्या डॉक्टरला मदत करताना त्याने ती जवळून पाहावी. पण पहिली आणि दुसरी पायरी एम.एस.च्या तीन वर्षांतच पक्की व्हायला हवी. कारण आपल्यासारख्या बायांचे डोळे जातात ते बहुतेक वेळा तिसरी पायरी नाही म्हणून नव्हे. दुसरी पायरी वेळेवर मिळाली नाही, म्हणून त्या तिसरीपर्यंत ढकलल्या जातात.

तान्ह्या बाळाला वेळ नसतो

बाळंतपणाचं काम करणाऱ्या ताईंनी पुढचा मुद्दा नीट ऐकावा. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं तर त्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते. काही बाळांत ती वाढ पुढे वेडीवाकडी होते आणि पडदा सुटून बाळ कायमचं आंधळं होतं. पूर्वी अशी बाळं जगतच नसत. आता नवजात शिशू कक्षांमुळे जगतात, ही चांगली गोष्ट आहे. पण जगवलेल्या बाळाचे डोळे राखणं हे त्याच कामाचा भाग आहे.

आपल्या देशाचा नियम असा. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर तीस दिवसांच्या आत पडदा तपासायचा. फारच लहान बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. आणि उपचार लागणार असं ठरलं तर तो दोन-तीन दिवसांत व्हायला हवा. दोन-तीन दिवस! इथे "पुण्याला जा, दिवाळीनंतर बघू" याला जागाच नाही. ओली बाळंतीण, पोटावर टाके, हातात दीड किलोचं बाळ, अशी बाई किती लांब जाणार?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयातल्या प्रकरणात निकाल दिला. १९९६ साली वेळेआधी जन्मलेल्या मुलीचा पडदा तपासण्याचं तिच्या आईवडिलांना कुणी सांगितलंच नाही आणि ती आंधळी झाली. न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. निकाल यायला मुलगी अठरा वर्षांची व्हावी लागली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो आपल्याच राज्यात, पालघरला, आणि त्या कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत हा आजार आहे. यादीत आजार असणं आणि त्यावर लेझर चालवणारा हात जवळ असणं, यांत मात्र अंतर आहे.

हाताला काम का मिळत नाही

वाळूजच्या बायांना हे समजावून सांगायला मला फार कष्ट पडू नयेत. कारखान्यात "ट्रेनी" म्हणून पोरं घेतात आणि काय करतात ते आपण पाहतो. झाडलोट, माल वाहणं, खोकी चिकटवणं. मशीनला हात लावायचा नाही. मुदत संपली की प्रमाणपत्र देऊन बाहेर. आयटीआयचा कागद हातात आहे, पण लेथ कधी चालवलेला नाही, अशा पोराला कोण ऑपरेटर म्हणून घेणार?

निवासी डॉक्टरांचंही काही ठिकाणी असंच होतं. ओपीडीतली गर्दी, केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, रात्रपाळी हे सगळं त्यांच्या अंगावर. हाताने करायची वेळ आली की पाहत उभं राहा. पुण्याचे नेत्रतज्ज्ञ डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या तरुण नेत्रतज्ज्ञांना त्यांच्या शिक्षणाविषयी विचारलं. ती पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. एका महाविद्यालयात आणि दुसऱ्या महाविद्यालयात हाताने काम करायला मिळण्यात मोठी तफावत आहे, हे त्यातून पुढे आलं. पदवी एकच, पण पदवीमागचा हात वेगवेगळा. रुग्णाला भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरून हा फरक कसा कळावा?

मे २०२३ मध्ये जे.जे. रुग्णालयात हाच प्रश्न चव्हाट्यावर आला. नेत्रविभागातल्या निवासी डॉक्टरांनी तक्रार केली की आम्हाला पुरेशा शस्त्रक्रिया स्वतः करायला मिळत नाहीत. वागणुकीबद्दलही तक्रारी होत्या. त्यांच्या संघटनेने, मार्डने, संपाचं हत्यार उपसलं. विभागातल्या ज्येष्ठांनी आरोप नाकारले, आमचं म्हणणं ऐकूनच घेतलं नाही असं सांगितलं आणि डॉ. लहाने, डॉ. रागिणी पारेख यांच्यासह नऊ डॉक्टरांनी राजीनामे दिले. या वादाचा निवाडा करायला मी उभी नाही. मला खटकलं ते वेगळंच. वर्तमानपत्रांतून दोन्ही बाजू वाचल्या. त्यांत रुग्णाची बाजू नव्हती. ज्या बाईच्या डोळ्यावर कुणीतरी शिकणार आहे, आणि जी बाई उद्या त्या शिकलेल्या डॉक्टरकडे जाणार आहे, तिला काय हवं, हे कुणी विचारलं नाही. कारण ती तिथे संघटित नव्हती.

काही देशांत यासाठी किमान आकडे ठरवलेले आहेत. अमेरिकेतल्या नेत्रविभागाच्या निवासी डॉक्टरांसाठीच्या यादीत ८६ मोतीबिंदू, पडद्याचं पसरट लेझर १० आणि डोळ्यातली इंजेक्शनं १० अशी किमान संख्या आहे. दहा हा आकडा काही आभाळाला भिडणारा नाही. आपल्या कुठल्याही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत मधुमेहाचे रुग्ण इतके असतात की प्रत्येक निवासी डॉक्टरला याच्या कितीतरी पट काम मिळू शकतं. रुग्ण कमी नाहीत. कमी पडतं ते चालू स्थितीतलं लेझर यंत्र, शिकवायला शेजारी बसणारा प्राध्यापक आणि हे शिकवायचंच असं ठरवणारा नियम.

यातही एक पदर आपला आहे. नेत्रविभागात शिकणाऱ्यांत आता मुलींची संख्या मोठी आहे. अमेरिकेतल्या निवासी डॉक्टरांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलींच्या हातून झालेल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया मुलांपेक्षा कमी भरल्या. तिथे नोंद ठेवतात म्हणून निदान कळलं तरी. आपल्याकडे मुलींना काय ऐकावं लागतं ते त्या खाजगीत सांगतात: "तुझं लग्न होणार, तू कशाला रेटिनात जातेस?" "समुपदेशन तू कर, बायका तुझ्याशी बोलतात." कारखान्यात पॅकिंग बाईला आणि मशीन पुरुषाला, तशीच ही वाटणी. रुग्णांशी बोलणं कमी दर्जाचं नाही, पण लेझरची खुर्ची फक्त मुलांसाठी राखून ठेवलेली असेल तर बोलायला हवं.

आपली अडचण

आता त्या अडचणीकडे येते. गरीब बाईच्या शरीरावर प्रयोग करू देणार नाही, हे आपल्या चळवळीने या देशाला ठणकावून सांगितलं. १९८५ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरूला नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनची चाचणी बायांना नीट माहिती न देता होत होती. स्त्री शक्ती संघटना, सहेली यांसारख्या संघटना १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. "आमच्यावर काय करताय ते आधी सांगा" हे वाक्य आपण त्या लढ्यांतून शिकलो आणि वस्तीतल्या बायांना शिकवलं. मग आज आपणच "शिकाऊ डॉक्टरांना डोळ्यांवर हात चालवू द्या" असं कसं म्हणायचं? सरकारी दवाखान्यात येणारी बाई गरीब असते. शिकणार तिच्याच डोळ्यावर. आणि शिकून झाल्यावर तोच डॉक्टर खाजगीत जाऊन पैसेवाल्यांचे डोळे बरे करणार. हा सौदा न्यायाचा आहे का?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. मी त्याचा विचार असा करते. प्रयोग आणि शिक्षण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्रयोगात उपचाराचा उपयोग होईल की नाही हेच माहीत नसतं. इथे उपचार पक्का आहे, पन्नास वर्षांपासून माहीत आहे, शिकायचं आहे ते हाताला. प्रत्येक डॉक्टरचा पहिला रुग्ण कुणीतरी असणारच. कुणीच शिकू दिलं नाही तर पंधरा वर्षांनी आपल्या लेकींच्या डोळ्यांना डॉक्टर कुठून येणार? आणि दुसरी बाजू बघा. कॉलेजात शिकवलं नाही म्हणून माणूस शिकायचा राहतो असं नाही. तो बाहेर पडल्यावर, एकटा, शेजारी कुणी नसताना, एखाद्या लहान गावातल्या बाईच्या डोळ्यावर शिकतो. ते जास्त धोक्याचं आहे. म्हणून आपला विरोध शिकणाऱ्या हाताला नाही, एकट्या सोडलेल्या हाताला आहे.

यातून चार अटी निघतात. त्या आपण आपल्या मागणीतच घालायच्या.

एक. पहिला हात माणसाच्या डोळ्यावर नको. मॉडेलवर, खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या डोळ्यावर, जिथे शक्य तिथे यंत्रावर सराव आधी झाला पाहिजे. यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत. एक खोली, एक जुना मायक्रोस्कोप आणि शिकवायची इच्छा लागते.

दोन. शेजारी शिकवणारा हवाच. लेझरच्या यंत्राला जोडनळी लावली की शिकवणारा तेच पाहू शकतो जे शिकणारा पाहतो. आधी कडेचे थोडे चटके, मग जास्त. इंजेक्शनचंही तसंच. आधी डोळा स्वच्छ करणं, मग अंतर मोजणं, मग सुई. आणि गरज पडली तर काम हातात घ्यायला प्राध्यापक तिथेच असावा, केबिनमध्ये नव्हे.

तीन. बाईला सांगितलं पाहिजे. "हे डॉक्टर शिकत आहेत, मोठे डॉक्टर शेजारी आहेत, चालेल का?" हे मराठीत, बसून, थेंब घालण्याआधी विचारायचं. नको म्हटलं तरी तिचा उपचार थांबता कामा नये, की तिला रांगेच्या शेवटी ढकलता कामा नये. आणि सही तिचीच. सज्ञान बाईच्या डोळ्यासाठी नवऱ्याच्या सहीवर अडून बसणं बंद झालं पाहिजे. औषधाचंही तसंच. इंजेक्शनात स्वस्त पडतं ते बेव्हॅसिझुमॅब मुळात कर्करोगाचं औषध आहे आणि एका कुपीतून अनेकांना दिलं जातं. जानेवारी २०१६ मध्ये औषध नियंत्रकांनी त्याच्या डोळ्यातल्या वापराबद्दल इशारा काढला होता, मार्चमध्ये तो मागे घेतला. औषध उपयोगी आहे, पण कुपी कशी आणि कुठे भरली हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

चार. नोंद ठेवली पाहिजे. कुणी किती केलं, कुणाच्या देखरेखीखाली, काय बिघडलं. मुलींनी किती, मुलांनी किती, हेही. निवासी डॉक्टरांच्या लॉगबुकात हे लिहायचंच असतं. ते परीक्षेपुरतं भरायचं पुस्तक राहू नये.

आपण काय करायचं

आपल्याला जवळचं शिक्षणाचं ठिकाण म्हणजे घाटी. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ पासून आहे आणि मराठवाडाभरातून लोक तिथे येतात. तिथे आणि राज्यातल्या प्रत्येक शासकीय महाविद्यालयात आपल्यासारख्या गटांनी माहितीच्या अधिकाराखाली साधे पाच प्रश्न विचारावेत. पडद्याचं लेझर यंत्र चालू आहे का आणि गेल्या वर्षी किती दिवस बंद होतं? वर्षाला लेझर आणि इंजेक्शनं किती झाली? त्यांतली देखरेखीखाली निवासी डॉक्टरांनी किती केली? कमी दिवसांच्या किती बाळांचे पडदे तपासले? सरावाची खोली आहे का? उत्तरं आली की ती घेऊन अभ्यागत समितीकडे आणि लोकप्रतिनिधींकडे जायचं. डॉक्टरांना झोडपायला नाही. यंत्र आणि प्राध्यापकाची जागा मिळावी म्हणून. बहुतेक विभागप्रमुखांना आपली मदतच होईल, कारण तेही यासाठी फायली पाठवून थकलेले असतात.

दुसरं. नव्या नियमानुसार २०२१-२२ च्या तुकडीपासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर काम करावं लागतं. हे तीन महिने नुसते ओपीडीत जायला नकोत. त्या काळात आठवड्यातला एक ठरलेला दिवस पडद्याच्या तपासणीला आणि नवजात शिशू कक्षातल्या बाळांना द्यावा, ही मागणी आपण जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करू शकतो. २००७ पासून आपल्या राज्यात उस्मानाबादसह पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं, तेव्हा गावातल्या बायांनी आरोग्य केंद्राचे तक्ते भरले, जनसुनवाईत उभं राहून प्रश्न विचारले. बायांना हे जमतं, हे आता सिद्ध करायची गरज नाही.

तिसरं काम आपल्या घरचं. प्रत्येक गटाच्या वहीत दोन रकाने वाढवा. शुगर असलेल्या बाईचा पडदा शेवटचा कधी तपासला? वर्ष उलटलं असेल तर पाठवा. आधीपासून शुगर असलेली बाई गरोदर असेल तर तिला लगेच पाठवा, कारण गरोदरपणात पडद्याचा आजार भराभर वाढू शकतो. आणि चौतीस आठवड्यांआधी किंवा दोन किलोच्या आत जन्मलेलं बाळ घरी आलं की त्याच्या कागदावर डोळ्याच्या तपासणीची तारीख आहे का, ते आशाताईंबरोबर बघा. नसेल तर तिसावा दिवस उजाडायची वाट बघू नका.

दवाखान्यात गेल्यावर विचारायचं वाक्यही पाठ करून ठेवा: "बाहुली मोठी करून पडदा पाहिला का?" मोतीबिंदू नाही, एवढ्या उत्तरावर उठायचं नाही.

एक जण मघाशी म्हणाली, हे सगळं करून त्या पॅकिंगवाल्या बाईंचा गेलेला डोळा परत येणार आहे का? नाही येणार. त्यांचा दुसरा डोळा मात्र आज लेझरनंतर चांगला आहे. त्या कामावर जातात आणि आमच्या वहीतले शुगरचे रकाने त्याच भरतात. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून तयार आहे. चहा झाल्यावर वाचून दाखवते. ज्यांना सही करायची आहे त्यांनी करा, ज्यांना काही वाढवायचं आहे त्यांनी सांगा. अर्जाला लागणारं दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट कोण आणणार, एवढं आत्ताच ठरवू या.